घंटा मागितली, पुस्तकं आली : एका गावच्या वाचनालयाची गोष्ट



हंगाम चालू झाला की आपल्या तोंडी दुसरा विषय नसतो. टोळी आली का, तोड कधी मिळणार, काट्यावर वजन काय बसलं, उतारा किती लागला, पहिली उचल केवढी. या पानांवरही बहुतेक तेच असतं आणि ते असायलाच पाहिजे. पण आता अधिमंडळाची वार्षिक सभा तोंडावर आली आहे, हंगामाला अजून अवकाश आहे, तेव्हा जरा वेगळी गोष्ट सांगतो. ही एका छोट्या गावच्या वाचनालयाची गोष्ट. सव्वादोनशे वर्षांहून जुनी आणि सातासमुद्रापलीकडची. तरी तिच्यात भाग आहेत, भागधारक आहेत, वार्षिक वर्गणी आहे, सभेतला वाद आहे आणि शेवटी एक ठराव आहे. म्हणजे आपल्याला परकं असं तिच्यात काही नाही.

ही गोष्ट का आठवली, ते आधी सांगतो.

गेल्या हंगामातली संध्याकाळ. मी आमच्या गावच्या वाचनालयात पेपर चाळत बसलो होतो. वाचनालयाच्या कमिटीवर मीही आहे. दारात एक पोरगा येऊन उभा राहिला. दहा-अकरा वर्षांचा असेल. पाय अनवाणी, हातावर पाचटाचे ओरखडे. ओढ्याकाठी तोडकऱ्यांच्या कोप्या पडल्या होत्या, त्यांतला. टेबलावर 'किशोर'चा एक जुना अंक होता, त्याच्याकडे टक लावून बघत होता.

"काय रे, काय पाहिजे?" ग्रंथपालांनी विचारलं.

"ते पुस्तक नेऊ का वाचायला? उद्या आणून देतो."

"सभासद आहेस का? अनामत भरलीय का कुणी?"

पोरगं गप्प.

"मग नाही देता यायचं बाळा. नियम आहे."

पोरगा आल्या पावली माघारी गेला. ग्रंथपालांचं काही चुकलं नाही. नियम आम्हीच केलेला, आमच्याच सभेत हात वर करून मंजूर केलेला. आणि मी? मी पेपरातून डोकंसुद्धा वर काढलं नाही. पण त्या रात्री घास गोड लागेना. तेव्हापासून ही जुनी गोष्ट डोक्यात घोळते आहे.

नाव दिलं, आता घंटा द्या

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स नावाचं राज्य आहे. बॉस्टन हे तिथलं मोठं शहर. त्याच्या नैर्ऋत्येला तीसेक मैलांवर शेतकऱ्यांची एक वस्ती होती. १७७८ साली ही वस्ती शेजारच्या रेंथॅम गावातून फुटून वेगळी झाली. नव्या गावाला आधी एक्झेटर हे नाव घाटत होतं. पण ते दिवस अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाचे. गावाने नाव घेतलं 'फ्रँकलिन', त्या काळचे मोठे पुढारी बेंजामिन फ्रँकलिन यांचं.

आपल्याकडेही नेत्याचं नाव दिलं की मागोमाग शिष्टमंडळ जातं, "साहेब, आपलं नाव दिलंय, आता काहीतरी द्या." तिथंही तेच झालं. गावच्या प्रार्थनामंदिरावर मनोरा बांधायचा विचार होता. मनोरा म्हटला की घंटा आली. तेव्हा फ्रँकलिनसाहेबांकडे घंटेची मागणी गेली.

फ्रँकलिन त्या वेळी फ्रान्समध्ये आपल्या देशाचे वकील म्हणून राहत होते, वय ऐंशीच्या घरात आलेलं. १७८५ च्या मार्च महिन्यात त्यांनी लंडनमधले आपले स्नेही, धर्मोपदेशक आणि विचारवंत रिचर्ड प्राइस यांना पत्र लिहिलं. पत्राचा आशय असा, की माझ्या नावाच्या एका नव्या गावाने मनोऱ्यासाठी घंटा मागितली आहे. मी त्यांना सुचवलं आहे, की मनोऱ्याचा खर्च तूर्त वाचवा आणि घंटेऐवजी पुस्तकं घ्या. नुसत्या नादापेक्षा बोध बरा. तेव्हा खेड्यातल्या लोकांना चांगला धर्म आणि न्यायाचं राज्य म्हणजे काय ते कळेल, अशा पंचवीस पौंडांच्या पुस्तकांची यादी करून द्यावी.

प्राइस यांनी निवड केली, जहाजाने पेट्या आल्या. एकूण ११६ पुस्तकं भरली. धर्म, तत्त्वज्ञान, इतिहास, कायदा, राज्यकारभार असे सगळे जड विषय. गावचे धर्मोपदेशक नॅथॅनियल एमन्स यांनी या देणगीबद्दल एक प्रवचन केलं आणि १७८७ साली छापताना ते फ्रँकलिन यांनाच अर्पण केलं. घंटा काही मिळाली नाही, पण गाव नाराज झालं नाही.

चाळीस शिलिंगांचा भाग

घंटा नको आणि पुस्तकं घ्या असं सांगणारा हा माणूस होता तरी कोण? कुणी जहागीरदार नव्हे. बाप बॉस्टनला चरबीपासून मेणबत्त्या आणि साबण करायचा. सतरा भावंडांत बेंजामिन पंधरावा. जन्म १७०६ चा. शाळा पाहिली जेमतेम दोन वर्षं. बाराव्या वर्षी थोरल्या भावाच्या छापखान्यात उमेदवारीला लागला. तिथे वाचायची चटक लागली, पण पुस्तकं महाग. म्हणून या पोराने मांस खाणं सोडलं आणि जेवणातून वाचलेल्या पैशांची पुस्तकं घेतली. सतराव्या वर्षी घर सोडून फिलाडेल्फियाला गेला आणि पुढे स्वतःचा छापखाना काढला.

फिलाडेल्फियात त्याच्यासारखेच काही धडपडे तरुण दर आठवड्याला जमायचे. कुणी कारागीर, कुणी कारकून. एखादा विषय घ्यायचा आणि त्यावर बोलायचं. चर्चेला पुस्तकं लागायची, पण एकाकडे असलेलं दुसऱ्याकडे नसायचं. मग ठरलं, सगळ्यांनी आपापली पुस्तकं आणून एका खोलीत ठेवायची. कल्पना चांगली, पण तिचा जो शेवट व्हायचा तोच झाला. सगळ्यांची म्हणजे कुणाचीच नाही! निगा कोण राखणार? वर्षभरात ज्याने त्याने आपापली पुस्तकं घरी नेली.

इथे दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. फ्रँकलिनने १७३१ साली रीतसर करारनामा केला, पोटनियम बांधले आणि पन्नास भागधारक गोळा केले. प्रत्येकाने सुरुवातीला चाळीस शिलिंग भरायचे आणि पुढे दरवर्षी दहा शिलिंग. त्या पैशांतून लंडनहून पुस्तकं मागवायची, ती कुणा एकाच्या नव्हे तर संस्थेच्या मालकीची राहतील. 'लायब्ररी कंपनी ऑफ फिलाडेल्फिया' या नावाची ती संस्था आजही चालू आहे.

मंडळी, ही पद्धत आपल्या ओळखीची नाही का? एकट्याला परवडत नाही ते पन्नास जणांनी भाग घेऊन उभं करायचं. आपल्या बापजाद्यांनी कारखाना उभा केला तो याच रीतीने. कुणी बैल विकला, कुणी घरातलं सोनं मोडलं आणि शेअर घेतला.

पण या पद्धतीत एक मेख आहे. भाग ज्याचा, लाभ त्याचा. फिलाडेल्फियात बाहेरच्याला पुस्तक हवं असेल तर अनामत ठेवावी लागे. ज्याच्यापाशी अनामत नाही त्याने काय करायचं? सहकाराच्या हिशेबात हा प्रश्न सहसा येत नाही. तो आला त्या शेतकऱ्यांच्या गावात, ११६ पुस्तकांच्या निमित्ताने.

पुस्तकं कुणाची?

फुकट आलेल्या वस्तूवरून भांडण होणार नाही, असं गाव अजून वसायचं आहे. पुस्तकं आली, पण ती कुणी घरी न्यायची यावरून फ्रँकलिन गावात वाद पेटला. कुणाला द्यायची, कुणाला नाही, यावर खल चालू राहिला आणि पुस्तकं येऊन वर्षं लोटली तरी कायमचा निकाल होईना.

शेवटी प्रश्न गावसभेपुढे आला. त्या मुलखात प्रत्येक गावची सभा भरते, आपल्या ग्रामसभेसारखीच. रस्ते, शाळा, कर सगळं तिथे मताला टाकतात. २० नोव्हेंबर १७९० रोजी सभेने ठरवलं, की गाव पुढे काही वेगळं ठरवत नाही तोवर ही पुस्तकं गावातल्या सर्व रहिवाशांना वापरायला मोकळी राहतील, आणि त्यासाठी एक पैसाही घेतला जाणार नाही.

यात दोनच गोष्टी आहेत. सर्वांना आणि फुकट. त्या काळी मत द्यायचा हक्क मालमत्तावाल्या पुरुषांनाच होता. म्हणजे ज्यांच्या हाती सत्ता होती त्यांनी, ज्यांना सभेत हात वर करायचाही अधिकार नव्हता अशांसाठी कपाट उघडलं. म्हणून फ्रँकलिनकर मोठ्या अभिमानाने सांगतात, की देशातलं पहिलं सार्वजनिक वाचनालय आमचं. असा दावा दुसरी गावंही करतात, तो वाद त्यांच्यापाशी राहू द्या. मला महत्त्वाचं वाटतं ते असं, की पुस्तकं देणगीने आली, पण वाचनालय झालं ते त्या ठरावाने. तोवर ती नुसती कपाटातली पुस्तकं होती.

देणगीदाराला मात्र हे पाहायला मिळालं नाही. बेंजामिन फ्रँकलिन त्याच वर्षी एप्रिलच्या १७ तारखेला वारले होते.

त्या गावातला एक पोरगा

ठरावानंतर सहा वर्षांनी, १७९६ साली, त्या गावात एका शेतकऱ्याच्या घरी होरेस मान नावाचा मुलगा जन्मला. घरची गरिबी. उन्हाळाभर शेतात राबायचं आणि हिवाळ्यात आठ-दहा आठवडे काय ती शाळा. घरात बायका-पोरं गवताच्या काड्यांच्या वेण्या वळायची, टोप्यांसाठी. होरेसही वळायचा आणि त्या पैशांतून शाळेची पुस्तकं घ्यायचा. तेरा वर्षांचा असताना वडील क्षयाने गेले.

अशा पोराला गावचं फुकट वाचनालय मिळालं. तिथली पुस्तकं त्याने वाचली. मोठेपणी मात्र त्याने कौतुकाबरोबर तक्रारही नोंदवून ठेवली, की ती सगळी जुने इतिहास आणि धर्मशास्त्राची पुस्तकं होती, गावातल्या वडीलधाऱ्यांना शोभतील अशी. लेकरांच्या उपयोगाची त्यांत फारशी नव्हतीच.

ही तक्रार आपणही ऐकून घेण्यासारखी आहे. किती वाचनालयांत कपाटं भरलेली दिसतात, पण मुलांसाठी म्हटलं तर एक खण आणि त्यालाही कुलूप! पुस्तकं कुणासाठी घ्यायची हे ठरवताना वाचणाऱ्याला कुणी विचारतच नाही. देणगीदाराची आवड, कमिटीची आवड, नाहीतर दुकानदार सवलतीत देईल ते.

होरेस मान पुढे शिकून वकील झाले, राज्याच्या विधिमंडळात गेले. १८३७ साली मॅसॅच्युसेट्सच्या शिक्षण मंडळाचे पहिले सचिव झाले आणि अकरा-बारा वर्षं त्यांनी राज्य पिंजून काढलं. गरीब-श्रीमंत सर्वांच्या मुलांसाठी सरकारी खर्चाने चालणारी शाळा अमेरिकेत रुजवण्यात त्यांचा वाटा फार मोठा. शाळाशाळांत मुलांजोगी वाचनालयं असावीत म्हणूनही ते झटले. शेतकरी गव्हाचं रान पेरतो तशी आपल्या हाती असतं तर सगळ्या देशात वाचनालयं पेरली असती, असं ते म्हणत. शेतकऱ्याच्याच पोराचे बोल, दुसरे कसे असणार!

ती ११६ पुस्तकांतली पुस्तकं गावाने आजही जपून ठेवली आहेत. १९०४ साली रे घराण्याच्या लेकींनी आईवडिलांच्या स्मरणार्थ वाचनालयाला दगडी इमारत बांधून दिली. त्या इमारतीत फ्रँकलिनची पुस्तकं बघायला मिळतात.

देणगी एकदा, खर्च दरवर्षी

आता दुसरा मुद्दा. उसाची लागण करायला उत्साह असतो. बेणं चांगलं आणतो, सरी नीट सोडतो. खरी परीक्षा खोडव्याला. त्याकडे दुर्लक्ष झालं की रान पडल्यासारखंच. वाचनालयाचंही असंच आहे. उद्घाटनाला मंत्री येतात, फीत कापतात. पाच वर्षांनी वीजबिल कोण भरतं, ग्रंथपालाचा पगार कोण देतं, नवी पुस्तकं कुठून येतात?

याचं उत्तरही एका छोट्या गावाने काढलं. न्यू हॅम्पशायर राज्यातलं पीटरबरो. १८३३ साली तिथले धर्मोपदेशक एबियल ॲबट यांनी सुचवलं आणि गावसभेने मानलं, की राज्याकडून शिक्षणासाठी गावाला दरसाल जी रक्कम मिळते तिचा काही भाग सर्वांसाठी फुकट वाचनालयाला द्यायचा. हा पैसा मुळात बँकांवरच्या करातला. इमारत नव्हती. पुस्तकं गावातल्या दुकानात ठेवली, तिथेच टपालही यायचं. मीठ-साखर घ्यायला जावं, पत्र आलंय का विचारावं आणि येताना पुस्तक आणावं. पण पैसा दरसालचा होता, म्हणून ते टिकलं. सुरुवातीपासून सार्वजनिक पैशावर चाललेलं पहिलं वाचनालय म्हणून पीटरबरोचं नाव घेतात.

तिसरी गोष्ट अँड्र्यू कार्नेगींची. स्कॉटलंडमधल्या विणकराचा हा मुलगा. यंत्रमाग आले, हातमाग बसले आणि कुटुंब पोटासाठी अमेरिकेला आलं. पोरगा तारा वाटायच्या कामावर लागला. गावात अँडरसन नावाचे एक कर्नल होते. त्यांनी आपली चारेकशे पुस्तकं कामकरी मुलांसाठी खुली केली, दर शनिवारी एक पुस्तक न्यायचं. पुढे तिथे नियम आला, की कारागिराच्या हाताखाली रीतसर उमेदवारी करणाऱ्यांनाच पुस्तक फुकट, बाकीच्यांनी वर्षाला दोन डॉलर भरायचे. तारवाला पोऱ्या 'बाकीच्यां'त गेला! त्याने काय करावं? स्थानिक वर्तमानपत्राला पत्र लिहिलं, की आम्ही कामकरी मुलं नाही तर कोण आहोत? साल १८५३, वय सतरा-अठरा. वाद झाला आणि अखेर दार उघडलं.

हा पोरगा पुढे पोलादाच्या धंद्यात जगातल्या मोठ्या श्रीमंतांत गणला गेला. त्याने एकट्या अमेरिकेत १,६७९ वाचनालयांच्या इमारतींना पैसा दिला. पण अट घातली, की जागा गावाने द्यायची, आणि इमारतीला मी जेवढे देईन त्याच्या दहा टक्के रक्कम गावाने दरवर्षी चालू खर्चासाठी द्यायची, तसा ठराव करून. ठराव नाही तर इमारत नाही. पैशाचा माणूस, त्याला ठाऊक होतं की नुसतं बांधकाम म्हणजे वाचनालय नव्हे.

कवळाण्याचा मुलगा आणि पुस्तकांच्या पेट्या

हे सगळं तिकडचं झालं, आपला काय संबंध, असं कुणी म्हणेल. संबंध आहे, आणि तो एका मराठी शेतकऱ्याच्या मुलाने जोडला.

नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळ कवळाणे नावाचं खेडं आहे. तिथल्या शेतकरी गायकवाडांच्या घरी १८६३ साली गोपाळ नावाचा मुलगा जन्मला. १८७५ साली बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला तो हाच, आणि झाले महाराजा सयाजीराव. शिक्षण खऱ्या अर्थाने सुरू झालं ते दत्तक गेल्यावर. म्हणूनच की काय, अक्षराची किंमत त्यांना पुरती कळली होती. १८९३ साली अमरेली भागात त्यांनी सक्तीचं आणि मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि १९०६ साली ते सगळ्या संस्थानाला लागू केलं.

पण पोरगं शाळेत अक्षर शिकलं आणि पुढे वाचायला काही मिळालं नाही तर चार वर्षांत ते अक्षर विसरतं. महाराजांनी अमेरिकेचा दौरा केला तेव्हा तिथल्या गावोगावच्या वाचनालयांची व्यवस्था पाहिली आणि तिथलेच एक जाणकार, विल्यम बॉर्डन, यांना १९१० साली बडोद्याला आणलं. बॉर्डन आले कनेक्टिकट राज्यातून. हे राज्य फ्रँकलिन गावाच्या शेजारच्याच मुलखातलं. महाराजांनी राजवाड्यातला स्वतःचा संग्रह मध्यवर्ती ग्रंथालयासाठी दिला. ग्रंथपालांच्या शिक्षणाचा वर्ग निघाला. १९१२ पासून इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत ग्रंथालयांना वाहिलेलं एक नियतकालिकही निघू लागलं.

आपल्या कामाच्या गोष्टी पुढेच आहेत. पहिली गोष्ट तिहाईची. गावाने वाचनालयासाठी वर्गणी जमवायची, तेवढीच रक्कम पंचायतीने घालायची आणि तेवढीच सरकारने. म्हणजे लोकांचा एक रुपया तीन रुपयांचं काम करायचा. पण पहिला रुपया गावानेच काढायचा. राजाला सगळं फुकट देता आलं नसतं का? पण फुकटचं कुणी जपत नाही, हे कवळाण्याच्या मुलाला माहीत होतं.

दुसरी गोष्ट फिरत्या पेट्यांची. जिथे वाचनालय चालण्यासारखं नाही अशा खेड्यांना लाकडी पेटीत वीस-तीस पुस्तकं भरून पाठवायची. वाहतुकीचा खर्च सरकारचा. वाचून झाली की पेटी परत आणि दुसरी हजर. माणूस पुस्तकापर्यंत येऊ शकत नसेल तर पुस्तकाने माणसापर्यंत जायचं.

आपल्या घरात काय आहे?

आपल्या महाराष्ट्राला वाचनालयं नवी नाहीत. रत्नागिरीचं १८२८ चं, अहमदनगरचं १८३८ चं, नाशिकचं १८४० चं. कोल्हापूर संस्थानाने तर १९४५ साली ग्रंथालयांचा कायदा केला, देशात पहिला. १९६७ साली महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा झाला. त्यामुळे गावोगावच्या वाचनालयांना शासनमान्यता आणि अनुदान मिळू लागलं, अ, ब, क, ड असे वर्ग पडले. आज अशी दहा हजारांवर वाचनालयं आहेत, आणि ती बहुतेक लोकांनीच काढलेली. २०१७ च्या ४ मे रोजी महाबळेश्वर तालुक्यातलं स्ट्रॉबेरीवाल्यांचं भिलार 'पुस्तकांचं गाव' झालं. तिथे शेतकऱ्यांनी आपल्या राहत्या घरांत पुस्तकांची कपाटं ठेवली. कुणीही यावं, बसावं, वाचावं.

पण आपल्या कायद्यात एक गोष्ट नाही. १९४८ च्या मद्रासच्या कायद्यात ग्रंथालयासाठी वेगळा कर आहे, आपल्या कायद्यात तो नाही. त्यामुळे वाचनालयाची सगळी भिस्त अनुदानावर. हप्ता लांबला की पुस्तकखरेदी थांबते आणि ग्रंथपालाचं मानधन तुंबतं. पीटरबरोचा प्रश्न आपल्यापुढे अजून तसाच उभा आहे.

आणि फ्रँकलिन गावाचा प्रश्नही तसाच आहे. पुस्तकं कुणाची? आपल्या उसाला कोयता लावायला माणसं येतात ती घरदार सोडून पाच-सहा महिने येतात. पोरं बरोबर असतात. काही ठिकाणी साखरशाळा निघाल्या, काही ठिकाणी ही पोरं गावच्या शाळेत बसतात, काही नुसतीच वाढे गोळा करत फिरतात. ही पोरं आपली सभासद नाहीत. त्यांचा शेअर नाही, सातबारा नाही, आपल्या गावी कायमचा पत्ता नाही. पण त्यांच्या आईबापांनी ऊस तोडून मोळी बांधल्याशिवाय आपल्या एकाही सभासदाचं बिल निघत नाही.

"आता कोण वाचतंय, सगळे मोबाइलमध्ये," असं कुणी म्हणेल. संध्याकाळी तालुक्याच्या अभ्यासिकेत जाऊन बघा. परीक्षेच्या तयारीला बसलेल्या पोरापोरींना खुर्ची मिळत नाही. वाचणारे कमी झालेले नाहीत, आपणच दार अर्धं लावून बसलो आहोत.

सभेपुढे तीन सूचना

म्हणून या सभेत मी तीन सूचना मांडणार आहे. पटल्या तर अनुमोदन द्या, नाही पटल्या तर उठून विरोध करा. पण वाचून, विचार करून करा.

एक. कार्यक्षेत्रातल्या गावच्या वाचनालयांसाठी ऊसबिलातून टनामागे दहा पैसे बाजूला काढावेत. पाच लाख टन गाळप धरलं तर पन्नास हजार रुपये होतात. रक्कम मोठी नाही, पण ती दरवर्षीची असावी, ठरावाने बांधलेली असावी. आणि ज्या गावाने आपली वर्गणी आधी जमवली त्यालाच ती मिळावी.

दोन. त्यातल्या निम्म्या पैशांतून मुलांची पुस्तकं घ्यावीत आणि निवड शाळेतल्या मुलांना विचारून करावी.

तीन. हंगामात तोडकऱ्यांच्या कोप्यांवर पुस्तकांच्या पेट्या पाठवाव्यात. गट ऑफिसची गाडी रोज जातच असते. अनामत नको, वर्गणी नको, मुकादमाचं नाव वहीत लिहिलं तरी पुरे. चार पुस्तकं हरवतील. हरवू देत. आपल्या शेतातून काट्यावर जाईपर्यंत ट्रॉलीतून किती ऊस रस्त्यावर सांडतो, त्याचा हिशेब आपण कधी ठेवतो का?

आमच्या गावच्या वाचनालयाच्या कमिटीपुढे अनामतीच्या नियमाची दुरुस्ती मी अगोदरच लेखी दिली आहे. नियम मीच हात वर करून केला होता, तो बदलण्यासाठी हात वर करायलाही मीच पहिला असलो पाहिजे.

तो पोरगा कुठल्या गावचा, नाव काय, मी विचारलं नाही. ती टोळी यंदा आपल्याकडेच येईल असंही नाही. पण कुठली तरी टोळी येईल, आणि त्या टोळीत असाच एखादा पोरगा नाहीतर पोरगी असेल. ते लेकरू दारात येऊन उभं राहील तेव्हा "सभासद आहेस का?" असं त्याला कुणी विचारू नये, एवढंच माझं मागणं आहे.

जय सहकार.

— एक ऊस उत्पादक सभासद